मालिश केलं की मान खिडकीचे दोन गज पुढे वळते, सकाळी परत तिथेच!

लालशाई | ३ मे, रात्री ९.५०

मंडळी, दहावीचे पेपर तपासून झाले एकदाचे. गठ्ठे गेले, मान मात्र माझ्याकडेच राहिली.

गेल्या आठवड्यात स्कूटी उजवीकडे घ्यायची म्हणून मागे बघायला गेले तर मान वळेना. मग अख्खं धड वळवलं, गाडी डुगडुगली आणि मागचा रिक्षावाला ओरडला, "मावशी, आरसा कशाला लावलाय?" वय वर्षे ४३. मानेपेक्षा ते 'मावशी'च जास्त दुखलं.

दुखण्याची जागा मला बोट ठेवून दाखवता येते. डाव्या फऱ्याचा, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाचा, वरचा आतला कोपरा. तिथे सुपारीएवढी गाठ लागते, ती दाबली की कळ कानामागपर्यंत जाते. वळायचंय उजवीकडे आणि दुखतंय डावीकडे, हे काही मला कळत नाही. डॉक्टरांनी एक्सरे काढला, 'सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिसची सुरुवात', म्हणजे मानेच्या मणक्यांची झीज, म्हणाले, गोळ्या आणि मानेचा पट्टा दिला. पट्टा घालून भाकरी थापायचा प्रयत्न करून बघा एकदा.

रात्री सासूबाई तिळाचं कोमट तेल लावून दहा मिनिटं अंगठ्याने मान चोळून देतात, वर तव्यावर तापवलेल्या जाड्या मिठाची पुरचुंडी. त्यानंतर मान अशी काही वळते की विचारू नका. आणि सकाळी उठावं तर पुन्हा खिट्टी बसलेली. "तुझा भास आहे," इति नवरा. म्हणून आम्ही मोजलं. जेवणाची खुर्ची अशी मांडली की उजव्या हाताला हॉलची खिडकी येईल. खांदे वळू नयेत म्हणून ओढणीने खुर्चीच्या पाठीला बांधले आणि डोक्यावर मुलाची क्रिकेटची टोपी घातली. टोपीची चोच खिडकीच्या कितव्या गजावर येते ते नवऱ्याने बघायचं. मालिशच्या आधी चौथा गज, मालिशनंतर सहावा, सकाळी परत चौथा. सलग तीन दिवस. खुर्ची फिरवून डावीकडचंही पाहिलं, तिकडे न चोळता सातवा.

तर प्रश्न असा की मालिशने आत नक्की होतं काय? स्नायू सैल झाला म्हणावं तर रातोरात परत आखडतो कसा? आणि आता जन्मभर रोज चोळून घ्यायचं का? सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत हो.

रिकामटेकडा | ३ मे, रात्री १०.०५

ओढणीने खुर्चीला बांधलेली बाई, डोक्यावर क्रिकेटची टोपी, आणि नवरा गज मोजतोय. शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं नाही ना?

घाटवाट | ३ मे, रात्री १०.३१

आमच्या कोकणात मानेत नाहीतर पाठीत उसण भरली की पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस शोधायचे. आमच्या वाडीत एक आत्या होती पायाळू. सकाळी सकाळी अंगणात लोक पाठ करून बसलेले आणि ती चहाचा कप हातात घेऊन एकेकाला हळूच पाय लावत जायची. बरं वाटायचं लोकांना! का, ते विचारू नका. तसंही उसण चार दिवसांत आपली आपण जाते. आत्याला मात्र आंबे मिळायचे.

अंशात्मक | ३ मे, रात्री ११.१२

धागा आवडला. मोजल्याबद्दल विशेष अभिनंदन, इथे बाकी सगळे 'खूप फरक पडला' एवढंच लिहितात. दोन मापं द्या. दोन गजांमधलं अंतर किती, आणि खुर्चीच्या मध्यापासून खिडकी किती लांब? तुमच्या खांद्यांच्या बरोबर रेषेत कितवा गज येतो?

लालशाई | ४ मे, सकाळी ६.४०

गज १० सेंटीमीटरवर आहेत. खिडकी बरोबर एक मीटरवर, म्हणजे आता खुर्ची सरकवून एक मीटर केली. खांद्याच्या रेषेत नववा गज. (आज सकाळी चौथाच.)

अंशात्मक | ४ मे, सकाळी ९.२०

मग हिशेब सोपा आहे. नववा गज म्हणजे ९० अंश. चौथा त्याच्या ५० सेंटीमीटर अलीकडे, म्हणजे मान साधारण ६३ अंश वळली. सहावा म्हणजे ७३. डावीकडचा सातवा ७९ च्या आसपास. थोडक्यात मालिशने १० अंश मिळाले आणि रात्रीत गेले.

आता माझी शंका. गज कोण वाचतंय? नवरा. त्याला मालिश झालंय की नाही हे माहीत असतं का? असतं. तुम्हालाही असतं. 'आता वळणारच' म्हणून तुम्ही थोडा जोर जास्त लावत असाल. वाचणारा असा हवा की ज्याला यातलं काही माहीत नाही. शिवाय मालिश न करता नुसता शेक घेतला तर काय होतं, हेही बघायला हवं. सगळं श्रेय अंगठ्याला का द्यायचं?

सातमणके | ४ मे, दुपारी २.१५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, १६ वर्षं हेच काम करते. ताई, आधी एक विचारते. हाताला मुंग्या, बोटांची पकड सैल होणं, बटण लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा कमी होणं, ताप, वजन उतरणं, मानेला मार लागलेला, किंवा आमवात यातलं काही आहे का? असेल तर पुढचं वाचू नका, तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि आधी दाखवून या. आमवातात तर वरच्या दोन मणक्यांमधला बंध सैल झालेला असू शकतो, तिथे कुणी हौसेने मान फिरवणं फार महागात पडतं.

यातलं काही नाही असं धरून लिहिते.

मानेचे मणके सात, पण वळायचं काम सातांना सारखं वाटून दिलेलं नाही. सगळ्यात वरच्या दोघांना ॲटलस आणि ॲक्सिस म्हणतात. त्यांच्यामधल्या एकाच सांध्यात जवळपास निम्मी गिरकी होते. उरलेली निम्मी खालचे सगळे मिळून करतात. त्यामुळे अडकलंय कुठे हे आधी बघायचं. घरी करता येतील अशा दोन गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे हनुवटी छातीला जाईल तितकी खाली न्या आणि तशाच अवस्थेत मान दोन्हीकडे वळवून बघा. अशा वेळी खालचे सांधे ताणून बंद होतात आणि वळणं मुख्यतः वरच्या सांध्यात होतं. दोन्हीकडे साधारण ४० ते ४५ अंश यायला हवेत. इथे एक बाजू चांगलीच कमी आली तर घोळ वरच्या सांध्यात.

दुसरी मला जास्त आवडते. दोन्ही हात बाजूला उशांच्या थप्पीवर असे ठेवा की खांदे कानांकडे आपोआप उचलले जातील, तुम्ही जोर लावायचा नाही. आणि मग उजवीकडे वळा. टोपी घालूनच. चौथ्या गजाचा सहावा झाला तर सांधे ठीक आहेत, खांद्यापासून मानेकडे जाणारा स्नायू लगाम ओढतोय.

तुम्ही बोट ठेवलंत त्या कोपऱ्याला लेव्हेटर स्कॅप्युली नावाचा स्नायू चिकटतो. मानेच्या वरच्या चार मणक्यांच्या बाजूंपासून निघतो आणि फऱ्याच्या त्या कोपऱ्यावर येऊन थांबतो. डावा लेव्हेटर चेहरा डावीकडे वळवायला मदत करतो. म्हणजे तुम्ही उजवीकडे बघायला गेलात की तो ताणला जायला हवा. तो ठणकत असेल तर ताणू देत नाही. म्हणून वळणं उजवीकडे आणि कळ डावीकडे. एक विचारते, फोन डाव्या कानाशी आणि खांद्यात धरून पोळ्या लाटता का?

लालशाई | ४ मे, दुपारी ४.५०

तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात कॅमेरा लावलाय का?

तुमच्या यादीतलं काहीही नाही. उशांची थप्पी करून पाहिली. चौथ्याचा सहावा! मालिश नाही, तेल नाही, नुसत्या उशा. सासूबाई जरा हिरमुसल्या आहेत.

एसटीस्टँड | ४ मे, संध्याकाळी ७.३०

सगळ्यांना कळकळीने सांगतो, मालिश घरच्याकडून करून घ्या, पण दाढीच्या खुर्चीत मान मोडून घेऊ नका. कटिंग झाली, चंपी झाली, मस्त डुलकी लागली होती आणि त्याने हनुवटी धरून एकदम 'कट'. डाव्या हाताला दोन आठवडे मुंग्या होत्या. रात्री झोपेतून उठून हात झटकायचो. माणूस वाईट नाही हो, वीस वर्षं माझे केस कापतोय, फुकट करतो म्हणून प्रेमाने केलं. आता चंपीला बसलो की आधीच सांगतो, "मान तेवढी सोडून."

सातमणके | ४ मे, रात्री ९.०२

एसटीस्टँड, थोडक्यात सुटलात. 'कट' आवाज हाडं जागेवर बसल्याचा नसतोच. सांध्यातल्या द्रवात दाब अचानक उतरला की पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. २०१५ साली कॅनडातल्या संशोधकांनी बोटं मोडताना एमआरआय काढून ते दाखवलं होतं. आवाज झाला म्हणजे बरं झालं असं नाही, आणि नाही झाला म्हणजे काही राहिलं असंही नाही.

मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून, सुईत दोरा ओवावा तशा वर जातात आणि ॲटलसवरून वळसा घेऊन कवटीत शिरतात. झटक्याने मान पिळली की तिथे आतला थर फाटू शकतो आणि मग पक्षाघात. असं क्वचित होतं, पण होतं. तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवरून श्वासपटलाची नस निघते. २०१७ साली दिल्लीकडच्या एका माणसाची बातमी आली होती, सलूनमध्ये मान मोडून घेतल्यावर ती नस निकामी झाली आणि श्वासाचे हाल झाले.

काढाकषाय | ५ मे, सकाळी ७.१५

मान अशी आखडण्याला आयुर्वेदात मन्यास्तंभ म्हणतात. वातकफाचा प्रकार. आमच्याकडे नुसतं तेल चोळत नाहीत. स्नेहन, त्यावर स्वेदन, म्हणजे आधी तेल मग शेक, आणि मन्यास्तंभात नस्यही, म्हणजे नाकात औषध सोडणं, सांगितलं आहे. सासूबाईंचा क्रम अगदी बरोबर आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट, त्यांनी अभ्यंग रोज करायला सांगितलाय. फक्त अजीर्ण झालेलं असताना किंवा कफ वाढलेला असताना नको. रात्री जेवल्या जेवल्या करत असाल तर वेळ बदला.

अंशात्मक | ५ मे, सकाळी ८.००

वैद्यबुवा, वाग्भटांनी विशेष करून डोकं, कान आणि पाय सांगितलेत ना? मान त्या यादीत नाही.

काढाकषाय | ५ मे, सकाळी ८.२५

डोक्याला आणि कानाला लावलेलं तेल खाली कुठे ओघळतं, अंशात्मक?

परसातलाफणस | ५ मे, सकाळी ९.४०

इथे न्यू जर्सीत मसाजवाल्याला राज्याचं लायसन्स लागतं आणि तासाला शंभरच्या आसपास डॉलर जातात, त्यामुळे मी पैसे देण्याआधी बरंच वाचलं होतं. सिॲटलमध्ये जुनाट मानदुखीच्या २२८ लोकांवर प्रयोग झाला होता, २०१४ साली प्रसिद्ध झाला. कुणाला अर्धा तास, कुणाला पूर्ण तास, आठवड्यातून वेगवेगळ्या वेळा. अर्ध्या तासाच्या मसाजने नुसतं वाट बघत बसलेल्यांपेक्षा फारसं काही जास्त झालं नाही. तासभर, आठवड्यातून दोन-तीनदा, असं महिनाभर घेतलं त्यांना फरक पडला. उलट २०२४ चा कॉक्रेनचा (ही संस्था झालेले प्रयोग एकत्र करून तपासते) आढावा बघितला तर खोट्या मसाजच्या तुलनेत खऱ्या मसाजने दुखण्यात फरक जवळजवळ नाहीच असा सूर आहे.

मी घेतो तरीही. तेवढा तासभर फोन दुसऱ्या खोलीत असतो.

सातमणके | ५ मे, दुपारी १.३०

फणसराव, सगळं मान्य, आणि मी स्वतः मसाज करून पोट भरते. आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येते, की होतं काय.

लोक सांगतात त्यातलं बरंचसं खरं नाही. साचलेलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं, म्हणतात. ते व्यायामानंतर तासा-दीड तासात आपलं आपण जातं, पेपर तपासून महिनाभर साठत नाही. गाठ फुटते, म्हणतात. तसं काही फुटत नाही. स्नायू लांब होतो म्हणावं, तर दहा मिनिटांच्या अंगठ्याने स्नायूची लांबी बदलत नाही. बदलली असती तर सकाळी परत आखूड कशी झाली असती? तुमच्या चौथ्या गजानेच उत्तर दिलंय.

होतं ते असं. ठणकणाऱ्या भागाभोवती मज्जासंस्थेने पहारा बसवलेला असतो. मान साठ-पासष्ट अंशांपर्यंत आली की ती 'बास' म्हणते, सांधा पुढे जाऊ शकत असला तरीही. दाब, ऊब, सावकाश चोळणं यांनी तो पहारा काही काळ ढिला होतो, कळ उशिरा लागते, म्हणून तुम्ही दहा अंश पुढे जाता. उशांनी तेच वेगळ्या वाटेने झालं, तिथे स्नायूवरचा ताणच कमी झाला. तो ढिलेपणा काही तासच टिकतो. त्या तासांत तुम्ही काय करता? झोपता. मान नव्या जागेपर्यंत एकदाही गेली नाही, तर सकाळी पहारेकरी जुन्याच चौकीवर.

म्हणून मालिश झाल्या झाल्या, अंगावरचं तेल पुसायच्या आधी, मान सावकाश उजवीकडे शेवटापर्यंत न्या, पाच सेकंद थांबा, मध्ये या. दहा वेळा. मग डावीकडे. झटका नको, हाताने ढकलणं नको. मग तळहात गालाला लावून मानेने त्यावर हलकेच दाबायचं, मान हलू द्यायची नाही, दोन्हीकडे पाच-पाच वेळा. दिवसातून आणखी दोनदा हेच, बिनमालिशचं. आणि एक दिवसाआड एक-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात धरून खांदे उचलायचे, सावकाश सोडायचे. लेव्हेटरला नुसतं लाडावून चालत नाही, त्याला थोडं कामालाही लावायचं.

सासूबाईंसाठी. तुम्ही टेबलावर उशी ठेवून तिच्यावर कपाळ टेका, म्हणजे मान डोक्याच्या ओझ्यातून सुटते. डोकं चार-पाच किलोचं असतं, ते पेलत असलेला स्नायू चोळून काय उपयोग. गाठीवर रगडायचं नाही, अंगठा ठेवून बेताने दाबायचं आणि अर्धा मिनिट तसंच धरायचं, कळ ओसरली की पुढे. मधल्या हाडांवर दाब नको. आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी लागते तिथे अजिबात नको. सासूबाई नसतील तेव्हा भिंत आणि फऱ्याच्या कोपऱ्यात टेनिसचा चेंडू.

एक्सरेवरचा शब्द वाचून घाबरू नका. जपानमध्ये मानेची काहीच तक्रार नसलेल्या १२११ लोकांचे एमआरआय काढले, त्यातल्या ८७ टक्क्यांहून जास्त लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. २०१५ चं आहे. पट्ट्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला. यादीतलं काही नसेल तर तो दिवसभर घालून बसायची गरज सहसा नसते.

तांबडापांढरा | ५ मे, रात्री ८.४५

ताई म्हणत्यात ते आमच्या तालमीत कुणी शिकवायला नव्हतं, पण करत होते तसंच. मी काय पैलवान नव्हे, दोन वर्षं हौद्यात माती खाल्ली इतकंच. मेहनत झाली की एकमेकांचं अंग रगडायचं, त्यात मान आणि खांदे पहिले. पण रगडून झालं की वस्ताद कुणाला पडू द्यायचे नाहीत. मान फिरव, कपाळ हाताला लावून रेट, असं चालायचं. एकजण रगडून घेऊन भिंतीला टेकून झोपला तर वस्तादांनी तांब्याभर पाणी ओतलं अंगावर. "अंग मोकळं केलंय ते झोपायला का?" हे त्यांचं.

लालशाई | २५ मे, रात्री ९.१५

हिशेब द्यायला आले आहे. अंशात्मक यांच्या सांगण्यावरून वाचनाचं काम मुलाकडे दिलं. आठवीत आहे, एका वाचनाचे पाच रुपये घेतो. त्याला आधी खोलीबाहेर ठेवत होतो आणि मालिश झालंय का ते सांगत नव्हतो. (तेलाचा वास येतोच, हे त्याने तिसऱ्या दिवशी सांगितलं. मग बिनमालिशच्या दिवशीही थोडं तेल लावून बसले.)

काहीच केलं नाही तेव्हा रात्रीही चौथाच गज. नुसता मिठाचा शेक आणि दहा मिनिटं पडून राहणं, पाचवा. मालिश आणि शेक, सहावा, सकाळी चौथा. मालिश, शेक आणि लगेच वळवण्याचा व्यायाम, त्याच रात्री सहावाच, काही जास्त नाही, पण सकाळी पाचवा. हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मी मुलाला पुन्हा मोजायला लावलं, त्याने दहा रुपये घेतले.

मध्ये एक दिवस तिसरा गज आला. आदल्या रात्री मॅच बघत सोफ्याच्या हातावर मान टाकून झोपले होते. तो दिवस हिशेबातून वगळा असं नवरा म्हणतो, मी वगळलेला नाही.

आता तीन आठवडे झाले. मालिश आठवड्यातून दोनदाच, व्यायाम रोज. फोनला वायरचे हेडफोन लावलेत. काल आणि आज सकाळी सहावा गज, मालिशशिवाय. डावीकडच्या सातव्याला अजून गाठलेलं नाही. गाठ अजून लागते, पण दाबल्यावर कळ कानापर्यंत जात नाही, खांद्यातच राहते. मंगळवारी चौकात उजवीकडे वळताना मागे वळून नीट बघितलं, रिक्षा होतीच.

अंशात्मक | २५ मे, रात्री ९.४०

मानेच्या मापात पाच-एक अंशांची चूक होतेच, तेव्हा एका गजाच्या फरकावर मी फार उड्या मारणार नाही. पण ६३ वरून ७३, दोन दिवस सलग, न चोळता? मानलं. पेपर नसल्याचाही यात वाटा असेल.

सातमणके | २५ मे, रात्री १०.१०

नक्कीच असेल. पुढच्या मार्चमध्ये गठ्ठा मांडीवर घेऊन तपासू नका. पाटावर पाट ठेवून उंच करा आणि दर पाच पेपरांनी खिडकी.

लालशाई | २५ मे, रात्री १०.२२

एक राहिलं. गेले चार दिवस सासूबाईंचा उजवा अंगठा धरलाय, पिठाच्या डब्याचं झाकण उघडत नाही. वेगळा धागा काढू का?

रिकामटेकडा | २५ मे, रात्री १०.२५

काढा. टोपी कुठे घालायची तेवढं सांगा.